कुलूपवाल्याची खबरदारी

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात आज संध्याकाळच्या आत पडोत, आणि तुम्ही सगळ्या बसून मोजा. मी गोष्टी फुगवते असं माझ्या माघारी ज्या म्हणतात, त्यांनी जरा पुढे सरकून बसावं. ही फुगवलेली नाही.

बसथांब्याच्या मागे पत्र्याच्या टपरीत तो कुलूपवाला बसायचा. टपरी एवढी अरुंद, की शिंक आली तर आधी डोकं बाहेर काढावं लागे, नाहीतर भिंतीवरच्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या अंगावर. दुपारी पत्रा असा तापायचा की किल्ली उचलली तर बोटाला चटका. पण त्याच्या हातात जादू होती. त्या भागातली कुलपं त्याला टरकून असायची. एका बंद पडलेल्या गोदामाचं गंजकं कुलूप तर म्हणे तो नुसता कोपऱ्यावरून वळताना दिसला आणि उघडलं. ते कुलूप मी या डोळ्यांनी पाहिलंय, अजून आ वासून पडलंय.

जादू कसली, तेल होतं ते. पाण्यासारखं पातळ, बारीक तोंडाच्या बुधलीतलं. बुधली कायम शर्टाच्या खिशात, त्यामुळे त्याच्या सगळ्या शर्टांना डाव्या बाजूला एकच डाग. काही अडलं, कुरकुरलं, जाम झालं, की दोन थेंब. दाराची बिजागरी, पोरीच्या तीनचाकीची चाकं, शेजारणीची कात्री, सगळ्याला तेल. सुकं काही चालवायचं नाही, हा त्याचा धर्मच होता म्हणा ना.

बायको त्याची हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर वाफेत उभी. चादरी अशा घडी करायची, की पाहुण्यांना त्यावर झोपायला जीव होत नसे. दिसायला बारीक, बोलायला कमी, पण नवऱ्याला चिडवण्यात पुढे. "अहो, मिठी मारलीत तर माझी साडी वाळत घालावी लागते," असं म्हणायची. दोघांचं छान होतं. एकच गोष्ट वाईट होती. लहानपणी तिला ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली होती. पहिल्या बाळंतपणात ती अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आली. मुलगी झाली, टिकलीएवढी, म्हणून तिला टिकलीच म्हणायचे. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी कुलूपवाल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुन्हा दिवस जाता कामा नयेत. हे हृदय दुसरी खेप ओढणार नाही.

तर दोघं गेली वस्तीतल्या दवाखान्यात, नर्सबाईंकडे. नर्सबाईंचा आवाज असा, की आत कुणाला पाळीचं विचारलं तर बाहेर रस्त्यावरचे सायकलवाले लाजून वेग वाढवायचे. त्यांनी टेबलावर सगळं मांडलं. गोळ्यांचं पाकीट, इंजेक्शनची बाटली, गर्भाशयात बसवायची तांबी, दंडात कातडीखाली बसवायची काडी, निरोधची पाकिटं.

"आता बघा," बाई म्हणाल्या, "शंभर जोडपी धरा, वर्षभर धरा." आणि सांगत गेल्या. ऐन वेळी बाजूला होणाऱ्यांच्यात वीसेक जणींना राहतं. निरोधवाल्यांच्यात बारा-तेरा. गोळीवाल्यांच्यात सहा-सात, इंजेक्शनवाल्यांच्यात चारेक. तांबी, दंडातली काडी आणि ऑपरेशन, या तिन्हींत शंभरात एकसुद्धा भरत नाही.

कुलूपवाल्याचं डोकं लगेच कुलपाकडे गेलं. म्हणाला, म्हणजे निरोध हे कच्चं कुलूप आणि तांबी पक्कं. बाई म्हणाल्या, तसं नाही दादा. निरोध दर वेळी आणि नीट वापरला तर शंभरात दोघींनाच राहतं. कुलूप बरं असतं, लावणारा चुकतो. गोळी रोज आठवणीने घ्यायची, निरोध दर वेळी आठवणीने घालायचा. तांबी एकदा बसली की तुम्ही विसरलात तरी ती विसरत नाही.

हे त्याला असं पटलं, की त्याने बाईंनाच आपोआप बंद होणाऱ्या लॅचची गोष्ट सांगायला घेतली. एक गृहस्थ टॉवेलवर बाहेर अडकले होते ती. बाई हसत हसत मधेच सांगत होत्या, की निरोध थंड जागी ठेवायचे, उन्हात नाही, त्याला कसलं तेलबिल लावायचं नाही, आणि फाटला किंवा सरकला तर लाजायचं नाही, लगेच इथे यायचं. त्यावर वेगळी गोळी असते. तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. त्यातलं शेवटचं त्याने ऐकलं. तेलाचं वाक्य टॉवेलवाल्या गृहस्थांच्या पायाखाली गेलं.

मग निवडायची वेळ आली. नेहमीच्या गोळ्या तिला चालणार नव्हत्या, रक्ताच्या गाठी व्हायची भीती. ती म्हणाली, मी तांबी बसवून घेते. बाई म्हणाल्या, चालेल, पण तुमचं हृदय असं, तर मोठ्या दवाखान्यात जाऊन बसवू, तिथे लक्ष ठेवायला माणसं असतात. नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे दादांचं ऑपरेशन. भूल देऊन छोटंसं काम, अर्ध्या तासात घरी. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरं काहीतरी वापरायचं, मग तपासणी, ती साफ आली की निवांत. ताकद कमी होत नाही, बाकीचंही काही कमी होत नाही, हे बाईंनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाहेर कुणीतरी खोकलं.

कुलूपवाल्याने छाती पुढे काढली. "हिच्या अंगाला आता कुणी सुई लावायची नाही. पुष्कळ सोसलंय तिने. मी करून घेतो."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की तो आठ दिवस जमिनीवरून चार बोटं वर चालत होता. अहो, खरंच वर. चपला झिजल्या नाहीत त्या आठवड्यात.

आता माणूस बोलला ते मनापासून बोलला, यात मला शंका नाही. पण दिवसभर लोखंड कापणारा हा गडी, स्वतःच्या बोटाला कानस लागली तर डोळे मिटून बायकोला हाक मारायचा. ऑपरेशन म्हटलं की हा विषय बदलून दुसरंच काम शोधायला लागायचा. त्यात त्याची आक्का. आक्का शाळेत घंटा वाजवायची आणि घरी येऊनही वाजतच असायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलेला. ती म्हणाली, धाकट्या, अरे बाप्याने असलं करू नये, कमरेतून वाकशील, कानस कशी मारशील. तो हसला. आक्का, तुझं आपलं काहीतरीच, म्हणाला. पण ते शब्द कुठेतरी आत जाऊन बसले.

मग सुट्ट्यांचा हंगाम आला, माणसं घरं बंद करून गावाला निघाली, कुलपांना मागणी. हंगाम संपला की करतो, म्हणाला. हंगाम संपला तर टिकलीला खोकला. खोकला गेला तर टपरीचा पत्रा बदलायचा. बायकोने एकदा विचारलं. मग आणखी एकदा विचारलं. मग तांबीचंच बघू का, म्हणाली, तर हा दुखावला. माझ्यावर भरवसा नाही का, म्हणाला. त्यानंतर ती विषय काढायची थांबली. विचारावंसं वाटलं की उठून कपड्यांच्या घड्या करायची. त्या दिवसांत त्यांच्या घरातलं पायपुसणंसुद्धा इस्त्रीचं होतं.

तोवर निरोध होतेच. आणि खबरदारी म्हणाल तर याच्याएवढी कुणी घेतली नसेल. घरात पोरीच्या हाताला लागू नयेत म्हणून पाकिटं टपरीत, हत्यारांच्या पेटीत, तेलाच्या फडक्याखाली. वर पत्रा तापतोय, खाली पेटी भाजतेय. रोज त्यातलं एखादं खिशात घालून घरी न्यायचं, त्याच खिशात बुधली. आणि पुढचं तुम्हाला कसं सांगू, तुम्ही काही लहान नाही. सुकं काही चालवायचं नाही म्हटलं ना मी. तिथेही दोन थेंब. बायको तोंडाला पदर लावून हसायची, म्हणायची, अहो मी काय बिजागरी आहे का. तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, सवय आहे माणसाची, असू दे.

एका सुट्टीच्या दुपारी, टिकली आक्काकडे होती, तेव्हा तो फाटला. बायको कुशीवर वळली होती, तिचा डोळा लागत होता. त्याने मोरीत जाऊन उजेडात धरून बघितला. चांगला बोटभर चिरलेला.

नर्सबाईंचे शब्द त्याला आठवले. लगेच यायचं, जितकी लवकर तितकी बरी. दवाखाना त्या दिवशी बंद होता, पण सकाळी उघडणार होता. काय करायचं ते एवढंच होतं. तिला हलवून जागं करायचं, सांगायचं, सकाळी जाऊन गोळी आणायची.

तो मोरीच्या दारात उभा राहिला. ती झोपली होती आणि त्या दिवशी तिचा श्वास कधी नाही तो शांत चालला होता. त्याने स्वतःला सांगितलं, उगाच घाबरेल, हृदयाला धक्का नको. हे खरं होतं. त्याच्या खाली आणखी एक होतं, तेही खरं होतं. सगळ्या वस्तीची कुलपं जो बसवतो त्याच्या घरचंच तुटलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं. आणि सांगितलं असतं तर ती पहिलं काय म्हणाली असती? ऑपरेशनचं काय झालं, हेच ना. एका वेळेने काय होतंय, असं म्हणून त्याने ते कागदात गुंडाळलं आणि बाहेर टाकून आला. आल्यावर तिला चहा करून दिला. तिला नवल वाटलं. आज काय विशेष, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर जाताना तो दवाखान्यावरूनच गेला. नर्सबाई दार उघडत होत्या. त्यांनी हात केला. त्यानेही केला, आणि पुढे गेला.

तिची पाळी औषधांमुळे आधीपासूनच मागेपुढे व्हायची. दम लागायचा तो नेहमीचाच. लाँड्रीत ती बसून इस्त्री करायला लागली, मग जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायला लागली. सगळ्यांनी वाफेला दोष दिला. पायांवर सूज आली तेव्हा आक्कानेच तिला नर्सबाईंकडे पाठवलं, आणि नर्सबाईंनी पोटाला हात लावून, तपासणी करून, नवऱ्याला बोलावून घ्या म्हटलं. त्या दिवशी त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंतही आला नाही.

तो पेटी घेऊनच आला, कामावरून उठून तसाच. बाईंनी विचारलं, निरोध वापरत होतात ना. हो, दर वेळी, तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. कुठे ठेवता? त्याने पेटी टेबलावर उघडली. तेलाचं फडकं बाजूला केलं. पाकिटं त्याच्याखाली नीट रांगेत लावलेली, कुठे पाकिटाला तेल चढलेलं. बाईंनी एक फोडलं, उलगडलं, दोन बोटांत धरून जरासं ताणलं. जुन्या फुग्यासारखं तुटलं ते.

"तेल लावत होतात?"

त्याने मान हलवली.

"लोखंडाला चालतं हो दादा," बाई म्हणाल्या, "रबर मरतं त्याने." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. मग त्यांनी आणखी एक विचारलं. "कधी फाटलेला दिसला होता का तुम्हाला?"

बायको शेजारीच बसली होती.

"नाही," तो म्हणाला.

"यांचं लक्ष असतं," बायको म्हणाली. "हे फार जपतात मला."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की हे पुढे न्यायचं नाही. आधी आली असतीस तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. आताही मोकळं करता येईल, इथेच, सगळी तयारी ठेवून, पण फुप्फुसात पाणी धरलंय, ते आधी उतरू दे. तिने पदराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, करा, मला टिकलीसाठी राहायचंय. सही तिनेच केली.

पाणी उतरायची वाट बघत ती पलंगावर बसून असायची. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीला उशांची चवड. कुलूपवाल्याने टपरी बंदच ठेवली. त्याला हात बांधून बसता येईना. त्याने तिच्या पलंगाचं चाक दुरुस्त केलं, मग शेजारच्या पलंगाचं, मग औषधांच्या गाडीचं. म्हणतात की त्या आठवड्यात सगळ्या वॉर्डात एक दार वाजलं नाही, आणि नर्सा इतक्या गुपचूप यायच्या की पेशंट दचकायचे. बायको त्याच्याकडे बघून हसायची. हसलं तरी तिला दम लागायचा.

एका दुपारी आक्का टिकलीला भेटवून घेऊन गेली आणि दोघंच उरली. तो स्टूल ओढून तिच्या पायांशी बसला, सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि सांगून टाकलं. ती सुट्टीची दुपार, मोरी, कागद, चहा. सकाळी नर्सबाईंनी केलेला हात. सगळं.

ती ऐकत होती. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने पांघरुणाची चुणी हाताने सरळ केली. मग म्हणाली, "उठवलं असतंत तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला? गोळी घेतली असती आणि झोपले असते." थोड्या वेळाने तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. "आता टिकलीपुढे असं तोंड पाडून बसू नका. ती लगेच ओळखते."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सकाळचा चहा वाटत होते, तेव्हा ती गेली. पाणी उतरलंच नव्हतं. चहावाल्या मावशींनी तिचा कप भरून ठेवला होता.

महिना झाला नसेल, कुलूपवाला एकटा दवाखान्यात गेला आणि ऑपरेशन करून घेतलं. आता कुणासाठी, हे आक्काने विचारलं नाही. घंटेसारखी वाजणारी बाई, पण त्या दिवशी तिने त्याला मुकाट्याने जेवायला वाढलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, झालं, उठा. तो म्हणाला, झालं? एवढंच? डॉक्टर म्हणाले, एवढंच. तेव्हा तो रडायला लागला. बायकोला पोचवताना त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तिथे त्या टेबलावर बसून हमसून हमसून रडला. डॉक्टरांना वाटलं, भूल कमी पडली. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कुठे दुखतंय.

टपरी अजून आहे. किल्ली करून घ्यायला कुणी नवा लग्न झालेला आला, की हा हातातली कानस खाली ठेवतो आणि सगळं सांगतो. कुठे ठेवायचे, काय लावायचं नाही, कशात शंभरातल्या किती जणी फसतात, आणि फाटला तर त्याच घटकेला बायकोला उठवायचं. पोरं कानापर्यंत लाल होतात. काही तर किल्ली न घेताच पळाली, त्या किल्ल्या भिंतीवर तशाच लटकताहेत. टिकली मोठी झाली, तिलाही त्याने हे सगळं सांगितलं, बाकी कुठल्या बापाने सांगितलं नसेल असं.

झालं, संपलं. पण शपथ घेऊन बसलेय, तेव्हा एक कबूल करायला हवं. गोदामाचं कुलूप खरं, चपला न झिजल्याचं खरं, दचकणारे पेशंटही खरे. त्या दुपारी पाय मांडीवर घेऊन तो बोलला, आणि तिने केसांवर हात ठेवला, ते तेवढं माझं. त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं मला. तो स्टूल ओढून बसला होता, पायही मांडीवर घेतले होते. तोंडसुद्धा उघडलं होतं, असं तो स्वतः म्हणतो. तेवढ्यात ती म्हणाली, अहो, ती उशी जरा वर घेता का. त्याने उशी वर घेतली. मग तिचा डोळा लागला, आणि त्याने काही तिला उठवलं नाही.